स्त्रीत्वाचा दाखला : एका परीक्षेचा इतिहास

(१)

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी सव्वीस वर्षे नोकरी केली. त्यांतली बरीच वर्षे खेळाचा तासही माझ्याकडेच असे, कारण खेळाचा वेगळा शिक्षक आमच्या शाळेला क्वचितच मिळाला. त्या काळातली एक गोष्ट मी आजवर कोठे लिहिली नाही. ती प्रथम सांगतो, म्हणजे या विषयाकडे मी का वळलो हे वाचकांच्या ध्यानात येईल.

जिल्ह्याच्या आंतरशालेय स्पर्धेत आमच्या शाळेची एक मुलगी आठशे मीटर धावली. ऊसतोड कामगाराची पोर. वर्षातले निम्मे दिवस आईबापांमागे फडावर आणि उरलेले शाळेत. पायांत बूट नव्हते. पहिली फेरी ती इतर मुलींबरोबर धावली आणि दुसऱ्या फेरीत अशी सुटली, की शेवटची रेघ ओलांडून ती मागे वळली तेव्हा बाकीच्या अजून वळणावर होत्या. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतूनच एक आवाज आला, "अरे, हा तर पोरगा आहे! बघा एकदा तपासून." लोक हसले. दुसऱ्या एका शाळेच्या शिक्षकाने पंचांकडे तोंडी तक्रार केली. पंचांनी मला बाजूला बोलावून विचारले, "सर, पोरीचा काही दाखला आहे का?"

मी म्हणालो, "शाळेच्या रजिस्टरात मुलगी अशीच नोंद आहे, साहेब."

मी नोंद सांगितली. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार काय, असे मी म्हणालो नाही. तिच्या मागे आलेल्या सात मुलींपैकी एकीचाही दाखला कोणी मागितला नव्हता, हे मला तेथेच दिसत होते. तरी मी ते बोललो नाही. मुलगी माझ्या मागे उभी होती. तिने सगळे ऐकले. तिला ढाल मिळाली. पुढच्या वर्षी ती धावायला आली नाही. मी वस्तीवर गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "गुरुजी, आता बास झालं. उद्या पोरीचं लगीन करायचंय."

डिसेंबर २००६ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली. दोहा येथील आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलेली तामिळनाडूची शांती सौंदरराजन 'लिंगचाचणी'त नापास झाली होती. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची ही मुलगी. बातमी वाचताना मला माझी पोर आठवली आणि स्वतःची लाज वाटली. ही चाचणी म्हणजे काय, ती कोणी काढली, कोणासाठी काढली, याचा शोध मी त्या दिवसापासून घेत आलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

(२)

या परीक्षेचा इतिहास परीक्षेपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो बाईला मैदानात येऊ न देण्यापासून.

आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या, १८९६ च्या अथेन्स स्पर्धेत एकही स्त्री नव्हती. धावणे, उड्या, फेक या मैदानी खेळांत स्त्रियांना ऑलिंपिकचे दार उघडले ते १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅमला. तेही मोजक्या पाच प्रकारांपुरते. त्यांत आठशे मीटरची शर्यत होती. जर्मनीच्या लीना राडके हिने ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. पण वृत्तपत्रांनी विक्रमाची बातमी बाजूला ठेवली आणि शर्यत संपल्यावर बायका कशा गलितगात्र होऊन मैदानावर कोसळल्या याची वर्णने छापली. ती वर्णने बहुतांशी अतिरंजित होती. दमलेला धावपटू शर्यत संपल्यावर जमिनीवर पडतोच; पुरुष पडला तर त्याने पराकाष्ठा केली असे म्हणतात. बायका पडल्या तेव्हा हे अंतर त्यांच्या देहाला झेपणारे नाही असा निकाल लागला आणि ऑलिंपिकमधून स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० मध्ये, रोमला. मधली बत्तीस वर्षे बाईने आठशे मीटर धावायचे नाही असा नियम ऑलिंपिकने पाळला.

ही शर्यत वाचकांनी लक्षात ठेवावी. ती या इतिहासात पुनःपुन्हा येते. बाई दमली तेव्हा ती धावण्यास नालायक ठरली. आणि पुढे ती दमेना, तेव्हा ती बाईच नाही असे ठरू लागले. दोन्ही वेळा निकाल देणारे लोक तेच होते.

(३)

१९३४ मध्ये लंडनला झालेल्या जागतिक महिला स्पर्धेत आठशे मीटरची शर्यत चेकोस्लोव्हाकियाच्या एका धावपटूने जिंकली. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या, मुलगी म्हणूनच वाढलेल्या या धावपटूने पुढच्याच वर्षी आपण यापुढे पुरुष म्हणून जगणार असे जाहीर केले. त्यांचे नाव झ्देनेक कौबेक. त्यांनी कोणाला फसवले नव्हते. स्वतःच्या देहाचे कोडे त्यांचे त्यांनाच उलगडत गेले होते. पण १९३६ मध्ये अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांनी महिला खेळाडूंची वैद्यकीय तपासणी व्हावी अशी सूचना पुढे केली. याच ब्रंडेजनी त्या वर्षी नाझी जर्मनीतल्या स्पर्धेवर बहिष्कार घालण्यास कसून विरोध केला होता. हिटलरच्या बर्लिनमध्ये त्यांना शंकास्पद काही आढळले नाही. शंका आली ती बायकांच्या देहांची.

त्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या हेलन स्टीफन्सने शंभर मीटरमध्ये पोलंडकडून धावणाऱ्या स्टेला वॉल्शला हरवले. लगेच पोलंडच्या बाजूने स्टीफन्स पुरुष असल्याचा आरोप झाला. तिची तपासणी झालेली असून ती स्त्रीच आहे असे सांगण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली. नियतीचा खेळ असा, की १९८० मध्ये अमेरिकेत वॉल्शची चोरट्याने गोळी घालून हत्या केली आणि शवविच्छेदनात तिच्या देहात स्त्री व पुरुष दोन्हींची चिन्हे आढळली. आयुष्यभर स्त्री म्हणून जगलेल्या त्या बाईची मरणोत्तर अब्रू वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर आणली.

याच स्पर्धेत उंच उडीत चौथी आलेली जर्मनीची डोरा राटयेन १९३८ मध्ये व्हिएन्नाहून परतताना मॅग्डेबुर्गच्या स्टेशनावर पोलिसांच्या ताब्यात गेली. तपासात निष्पन्न झाले ते असे : जन्माच्या वेळी देहाविषयी संभ्रम होता, मूल मुलगी आहे असे सांगितले गेले आणि आईबापांनी ते मुलगी म्हणून वाढवले. फसवणुकीचा खटला पुढे चालला नाही. तरीही नाझींनी पदकासाठी एका पुरुषाला बाईचे कपडे घालून उतरवले, अशी कथा पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. जर्मनीच्या 'डेअर श्पीगल' साप्ताहिकाने २००९ मध्ये पोलिसांचीच जुनी कागदपत्रे उजेडात आणून ती खोडून काढली. तोवर या कथेने आपले काम केले होते. बाईच्या वेशात पुरुष येतो, हे भय सर्वमान्य होऊन बसले होते.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, म्हणून एक साधा प्रश्न मी या सगळ्या कागदपत्रांना विचारला : बाईचा वेश घेऊन आलेला पुरुष या परीक्षांनी किती वेळा पकडला? पुढील पानोपानी शोधूनही मला तो सापडला नाही. सापडल्या त्या बायका. ज्यांना आपल्या पेशींत काय दडले आहे याची कल्पनाही नव्हती, अशा बायका.

१९५० मध्ये नेदरलँड्सच्या फुकिए डिलेमा या धावपटूवर तपासणीच्या प्रकरणातून आजन्म बंदी आली. दोनशे मीटरमधला तिचा राष्ट्रीय विक्रम पुसला गेला. ती आपल्या गावी गेली आणि तिने लोकांत मिसळणे सोडले. ती २००७ मध्ये वारली. त्यानंतर झालेल्या तपासणीत असे दिसले, की तिच्या देहातल्या काही पेशींत एक्सएक्स आणि काहींत एक्सवाय अशी मिश्र गुणसूत्रे होती. निसर्गाने केलेल्या या मिश्रणाची शिक्षा तिने सत्तावन्न वर्षे भोगली.

(४)

दुसऱ्या महायुद्धानंतर जग दोन गटांत विभागले. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातल्या कामगार-शेतकरी घरांतल्या दणकट बायका पदके जिंकू लागल्या, तशी पश्चिमेच्या वृत्तपत्रांत त्यांच्या दंडांची आणि आवाजाची चर्चा सुरू झाली. तमारा आणि इरिना प्रेस या सोव्हिएत भगिनींनी १९६० व १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून पाच सुवर्णपदके मिळवली. त्यांना 'प्रेस ब्रदर्स' म्हणून हिणवले गेले.

१९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना विवस्त्र करून डॉक्टरांच्या मंडळापुढून चालवण्यात आले. त्याच वर्षी किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर हाताने अंतर्गत तपासणी झाली. उत्तर आयर्लंडची मेरी पीटर्स पुढे ऑलिंपिक विजेती झाली; तिने या तपासणीविषयी लिहिताना आयुष्यातला सर्वांत अवमानकारक अनुभव अशा अर्थाचे शब्द वापरले आहेत.

हा प्रकार अंगाशी येतो असे दिसल्यावर विज्ञानाला पाचारण करण्यात आले. १९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि इवर्ट बर्ट्रॅम यांना मांजरीच्या चेतापेशींचा अभ्यास करताना मादीच्या पेशीत एक गडद ठिपका दिसला होता, तो नराच्या पेशीत नव्हता. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय होऊन आकसते, त्याचा तो ठिपका. मग गालाच्या आतल्या बाजूने थोडे खरवडून काढायचे, काचपट्टीवर रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे. ठिपका असेल तर बाई, नसेल तर नाही. १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिंपिकमध्ये ही पद्धत काही खेळाडूंवर वापरून पाहिली आणि त्याच वर्षी मेक्सिको सिटीत ती सरसकट लागू झाली. उत्तीर्ण होणारीला 'स्त्रीत्वाचे प्रमाणपत्र' मिळे. ते जवळ बाळगून प्रत्येक स्पर्धेला जायचे.

ही परीक्षा मुळातच सदोष होती. काही पुरुषांत एक्सएक्सवाय अशी गुणसूत्रे असतात. ते या परीक्षेत बाई ठरले असते. काही स्त्रियांत एकच एक्स असते. त्या बाई ठरल्या नसत्या. काही स्त्रियांची गुणसूत्रे एक्सवाय असतात, पण त्यांचा देह पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाही, म्हणून तो जन्मापासून स्त्रीचाच घडतो. अशी स्त्री या परीक्षेत हमखास नापास.

पोलंडची एवा क्लोबुकोव्स्का १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीची सुवर्णपदक विजेती होती. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या विवस्त्र तपासणीत ती उत्तीर्ण झाली. १९६७ मध्ये कीव्हला गुणसूत्रांच्या तपासणीत ती नापास झाली आणि तिचे विक्रम रद्द झाले. एका वर्षात तिचा देह बदलला नव्हता. मोजपट्टी बदलली होती. मोजपट्टी ज्याच्या हातात असते त्याला आपली चूक कधी कबूल करावी लागत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

(५)

याच काळातली एक नोंद माझ्या दृष्टीने संपूर्ण इतिहासाची किल्ली आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या घोडेस्वारी संघात राणी एलिझाबेथची कन्या राजकुमारी ॲन होती. त्या स्पर्धेत स्त्रीत्वाच्या परीक्षेतून सूट मिळालेली एकमेव महिला खेळाडू म्हणून तिचा उल्लेख केला जातो. राजकन्येच्या गालाला काडी कोण लावणार? राजघराण्यातला जन्म हाच तिचा दाखला होता.

यात राजकन्येचा दोष नाही. पण नियम सर्वांना सारखा असतो असे सांगणाऱ्यांना मी ही नोंद दाखवतो. काही माणसे जन्मतःच शंकेच्या पलीकडे असतात आणि काही जन्मतःच शंकेच्या कक्षेत. आपल्या देशात हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या खेटा ज्यांनी घातल्या, पणजोबाच्या जन्माची नोंद ज्यांना शोधत फिरावे लागले, त्यांना ठाऊक आहे की पुरावा मागितला जातो तो खालच्याला. येथे एक फरक मात्र स्पष्ट केला पाहिजे. जातीचा दाखला आपण हक्क मिळवण्यासाठी मागतो. तो आपल्या लढ्याने मिळाला आहे. स्त्रीत्वाचा दाखला कोणा स्त्रीने मागितला नव्हता. तो तिच्यावर लादला गेला आणि तो नसेल तर तिचे असलेले हक्क काढून घेतले गेले.

स्पेनची मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो अडथळ्यांच्या शर्यतीत धावत असे. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत ती परीक्षा उत्तीर्ण झाली व तिला प्रमाणपत्र मिळाले. १९८५ मध्ये कोबे येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेला जाताना ती ते प्रमाणपत्र घरी विसरली. पुन्हा गाल खरवडला गेला आणि यावेळी ती नापास झाली. दुखापतीचे सोंग करून शर्यतीतून बाजूला हो, असा सल्ला तिला देण्यात आला. त्या वेळी तिने तो मानला. १९८६ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी पुन्हा तोच सल्ला आला, तेव्हा मात्र ती धावली आणि जिंकली. लगेच बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, खेळाडूंच्या निवासातली जागा गेली, विक्रम पुसले गेले, वाग्दत्त वर सोडून गेला.

पातिन्योने ठरवले की आपण लपणार नाही. फिनलंडचे आनुवंशिकीतज्ज्ञ आल्बर्ट द ला शापेल तिच्या पाठीशी उभे राहिले. ही परीक्षा अशास्त्रीय आहे हे ते कित्येक वर्षे सांगत होते. तिचा देह पुरुषी संप्रेरकाचा उपयोग करूच शकत नाही, मग तिला फायदा कोणता, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९८८ मध्ये तिला पुन्हा खेळण्याची परवानगी मिळाली, पण ऐन उमेदीची वर्षे हातची गेली होती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची पात्रता सेकंदाच्या दशांशाने हुकली. पुढे तिने वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या नावाने आपली हकिकत लिहिली. देह तिचा, आणि त्याविषयीचे बोलणेही अखेर तिने आपल्या हाती घेतले. दलित आत्मकथनांचा वाचक या कृतीचे मोल चटकन ओळखेल.

१९९२ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने सरसकट परीक्षा थांबवली. एक साधे कारण असे, की उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठी खेळाडूला अधिकाऱ्याच्या देखत लघवीचा नमुना द्यावा लागतो. वेश पालटून आलेला पुरुष तेथेच उघडा पडेल. ऑलिंपिक समितीने मात्र एसआरवाय या जनुकाची नवी परीक्षा आणली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिलांची तपासणी झाली. आठजणींत ते जनुक आढळले आणि आठहीजणींना खेळू देण्यात आले. मग तपासणी कशासाठी केली होती? १९९९ मध्ये समितीनेही ती बंद केली.

बंद झाली ती सर्वांची तपासणी. 'संशय आल्यास' तपासण्याची मुभा शिल्लक राहिली. येथून पुढचा इतिहास म्हणजे संशय कोणाचा येतो याचा इतिहास आहे.

(६)

शांती सौंदरराजनचे गाव कथकुरिची, जिल्हा पुदुकोट्टई. आईबाप वीटभट्टीवर. लहानपणी पुरेसे अन्न नाही. धावणे हा तिला बाहेर पडण्याचा एकच रस्ता दिसत होता. २००५ मध्ये इंचॉनच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने आठशे मीटरचे रौप्यपदक मिळवले. ९ डिसेंबर २००६ रोजी दोह्याला पुन्हा रौप्य. त्यानंतर डॉक्टरांनी तिची तपासणी केली. ही कसली तपासणी, हे आपल्याला नीट सांगितले नव्हते असे तिने पुढे वेळोवेळी सांगितले आहे. थोड्याच दिवसांत ती नापास झाल्याची बातमी दूरचित्रवाणीवर आली. कथकुरिचीच्या घराला ती सगळ्या गावाबरोबर कळली.

वैद्यकीय अहवाल ही माणसाची खाजगी गोष्ट आहे. डॉक्टर ती शेजाऱ्यालाही सांगत नाही. शांतीचा अहवाल साऱ्या जगाला सांगितला गेला, आणि आपल्या देशाच्या क्रीडासंघटनांपैकी एकही तिच्या बाजूने उभी राहिली नाही. दाद मागण्याची वाट आहे हेही तिला कोणी सांगितले नाही. पदक काढून घेतले गेले. तामिळनाडू सरकारने जाहीर केलेले पंधरा लाख रुपये मात्र तिला मिळाले; मुख्यमंत्री करुणानिधी यांनी ते थांबवले नाहीत. पुढच्या वर्षी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. ती वाचली. सरकारच्या पैशातून तिने गावाकडच्या पोरांना धावायला शिकवायचे काम सुरू केले. पैसे संपले तसे ते बंद पडले. २०१२ मध्ये ती वीटभट्टीवर रोजंदारीने काम करताना आढळली, तेव्हा वर्तमानपत्रांना पुन्हा तिची आठवण झाली. त्यानंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत तिने प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे तामिळनाडूच्या क्रीडा प्राधिकरणात प्रशिक्षक झाली. पदक तिला परत मिळाले नाही.

शांतीच्या आधी, २००१ मध्ये, गोव्याची तरुण खेळाडू प्रतिमा गावकर हिने अशाच चाचणीनंतरच्या बोभाट्यामुळे आयुष्य संपवले होते. तिचे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

(७)

१९ ऑगस्ट २००९. बर्लिन. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या खेड्यातली अठरा वर्षांची कास्टर सेमेन्या आठशे मीटरच्या अंतिम फेरीत उतरली, त्याच्या काही तास आधी तिच्या लिंगतपासणीची बातमी बाहेर फुटली होती. ती १ मिनिट ५५.४५ सेकंदांत, जवळजवळ अडीच सेकंदांच्या फरकाने जिंकली. दक्षिण आफ्रिकेच्या जनतेला तेव्हा सारा बार्टमन आठवली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या आफ्रिकी स्त्रीला लंडन आणि पॅरिसमध्ये तिच्या देहाच्या ठेवणीसाठी पैसे घेऊन दाखवले जात असे. मेल्यावरही तिचे अवयव पॅरिसच्या संग्रहालयात होते. ते २००२ मध्ये मायदेशी आणून दफन करण्यात आले. काळ्या स्त्रीचा देह हा गोऱ्यांनी पाहण्याचा व मोजण्याचा पदार्थ आहे, ही सवय जुनी आहे.

२०११ मध्ये महासंघाने नवा नियम केला : रक्तातले टेस्टोस्टेरॉन लिटरमागे १० नॅनोमोलच्या खाली हवे. जिचे जास्त, तिने औषधाने किंवा शस्त्रक्रियेने ते कमी करावे. या नियमाचा खरा अर्थ २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या एका वैद्यकीय लेखावरून कळतो. विकसनशील देशांतल्या ग्रामीण वा डोंगराळ भागांतून आलेल्या, अठरा ते एकवीस वयाच्या चार खेळाडूंवर फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया करण्यात आल्या. नुसत्या आतल्या ग्रंथीच काढल्या असे नाही, तर त्यांच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भागही कापण्यात आला. त्याचा धावण्याशी काडीचाही संबंध नव्हता. त्या चौघी निरोगी होत्या. त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. मी हा लेख वाचला त्या दिवशी मला दुसरे काही करता आले नाही.

ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या विणकर कुटुंबातली द्युती चंद हिला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले. औषध घेण्यास तिने नकार दिला. माझा देह आहे तसा आहे आणि मी तशीच धावणार, अशी तिची भूमिका होती. यावेळी मात्र ती एकटी नव्हती. पयोष्णी मित्र यांच्यासारख्या अभ्यासक-कार्यकर्त्या तिच्याबरोबर होत्या, भारतीय क्रीडा प्राधिकरण बाजूने होते, परदेशातले वकील होते. स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने जुलै २०१५ मध्ये तो नियम स्थगित केला : या संप्रेरकामुळे नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा महासंघाने दिलेला नाही. या सबंध इतिहासात प्रथमच पुरावा वरच्याकडे मागितला गेला. शांती आणि द्युती यांच्यात नऊ वर्षांचे अंतर आहे. पण त्याहून मोठे अंतर संघटित पाठबळाचे आहे.

हा विजय टिकला नाही. २०१८ मध्ये मर्यादा ५ नॅनोमोलवर आणून ती चारशे मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना लावण्यात आली. सेमेन्या नेमकी तेथेच धावत होती. १ मे २०१९ रोजी लवादाने दोन विरुद्ध एक मताने सांगितले, की नियम भेदभाव करणारा आहे, पण आवश्यक आहे. मार्च २०२३ मध्ये मर्यादा अडीचवर आली आणि सर्व प्रकारांना लागू झाली. १० जुलै २०२५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला, की स्वित्झर्लंडच्या न्यायालयात सेमेन्याच्या म्हणण्याची पुरेशी कसून छाननी झाली नाही, तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही. नियमाला त्याने धक्का लागला नाही. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून महासंघाने जागतिक पातळीवर धावणाऱ्या प्रत्येक स्त्रीला एसआरवाय जनुकाची परीक्षा सक्तीची केली. गालाच्या आतून नमुना घेऊन, नाही तर रक्ताचा थेंब घेऊन. १९९९ मध्ये सोडून दिलेली गोष्ट नव्या नावाने परत आली. १९९० मध्ये हे जनुक ज्यांनी शोधून काढले, त्या ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला विरोध केला आहे. जनुक आहे एवढेच परीक्षा सांगते. ते काम करते की नाही आणि देह त्याला प्रतिसाद देतो की नाही, हे ती सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

(८)

माझ्या काही मित्रांनी मला विचारले, स्त्रियांचा वेगळा गट नको असे तुमचे म्हणणे आहे काय? नाही. तो असलाच पाहिजे. बायकांनी तो भांडून मिळवला आहे, आणि हरलेल्या मुलीचीही मेहनत खरी असते. टेस्टोस्टेरॉनने स्नायूंना बळ मिळते हेही कोणी नाकारत नाही. पण निसर्गाने दिलेला अधिकपणा खेळात सर्वत्र आहे. फिनलंडचा ईरो मँटिरांटा १९६० च्या दशकात बर्फावरच्या शर्यतींत ऑलिंपिकची सात पदके मिळवून गेला. त्याच्या रक्तात आनुवंशिक कारणाने तांबड्या पेशी इतरांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. त्याला कोणी रक्त कमी करून ये म्हटले नाही. उलट त्याच्या गावी त्याचा पुतळा उभारला. पुरुषाचे वेगळेपण हा चमत्कार आणि बाईचे वेगळेपण हा गुन्हा, अशी ही विभागणी आहे.

नियम करायचाच असेल तर तो कोणी करावा, कोणत्या पुराव्यावर करावा, आणि चूक झाली तर किंमत कोणी द्यावी, हे खरे प्रश्न आहेत. आजवरची किंमत क्लोबुकोव्स्काने दिली, पातिन्योने दिली, शांतीने दिली, नाव नसलेल्या त्या चौघींनी दिली. नियम करणाऱ्यांपैकी कोणी कधी काही दिल्याचे माझ्या वाचनात नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरची तिन्ही पदके दक्षिण आफ्रिका, बुरुंडी आणि केनिया येथील स्त्रियांनी घेतली. पुढे त्या तिघींनाही या नियमांनी त्या शर्यतीतून बाहेर काढले. १९२८ मध्ये बाईला जे अंतर झेपणार नाही असे म्हटले गेले, ते तिने झेपवून दाखवल्यावरची ही कथा आहे.

आपल्या शाळांतून, आश्रमशाळांतून, वस्त्यांवरून पोरी आता मोठ्या संख्येने धावू लागल्या आहेत. ज्यांनी बालपणापासून पाणी वाहिले, मोळ्या वाहिल्या, उसाच्या फडात कोयता चालवला, त्यांचे खांदे रुंद असणारच. त्यांचा आवाज मैदानावर हाक मारून मोठा झालेला असणारच. नाजूकपणा ही ज्या घरांतल्या बायकांची शोभा मानली गेली, त्या घरांत पाणी दुसऱ्याच बायका भरत होत्या. त्या नाजूकपणाची पट्टी आपल्या पोरींना लावली जाईल तेव्हा शेजारी उभा असलेला शिक्षक काय करील, यावर बरेच अवलंबून आहे.

मी काय केले ते सुरुवातीला सांगितले आहे. रजिस्टर उघडून दाखवणे हे उत्तर नव्हते. उत्तर असे होते : "ती पहिली आली आहे. तुमची तक्रार असेल तर लेखी द्या, खाली सही करा आणि पुरावा तुम्ही आणा." एवढी दोन वाक्ये मला तेव्हा सुचली नाहीत. ज्यांच्या हाती आज शिट्टी आहे त्या शिक्षकांनी ती पाठ करून ठेवावीत.